भिंतीकडची बेअरिंग

रंधा मशीन तीन दिवस कण्हत होतं.
चौथ्या दिवशी सागाच्या फळीवर लाटा उठल्या,
बोटांनी मोजता येतील अशा.
गिऱ्हाईक म्हणालं, मेस्त्री, ही दाराची चौकट की वसईची खाडी?
मी पट्टा उतरवला.

शाफ्ट निघता निघेना.
वर माझ्या हातचा हिरवा रंग,
त्याखाली बाबांच्या हातचा करडा.
रॉकेल, ठोकळा, हातोडी, शिव्या.
मग दाढ निघावी तसा
एकदम हातात आला.

गोणपाटात गुंडाळून, हातगाडीवर,
घोडपदेवहून दारूखान्यात नेला.
हशमत परकारच्या लेथबाहेर
कुठल्याशा जहाजाचा नांगर,
त्यावर त्याचा टॉवेल वाळत.
चष्मा कपाळावर सारून त्यानं मायक्रोमीटर लावला.
पुलीकडचं टोक: पाच थाऊ.
"पट्टा ओढतो. चालायचंच."
मग दुसरं टोक.
गप्प झाला. चष्मा खाली घेतला. पुन्हा मोजलं.
"बावीस?
इकडून काय ओढत होतं रे?"

काही नाही, म्हटलं. इकडं भिंत आहे.

चहा अर्धा झाल्यावर आठवलं.
आठवलं म्हणजे,
आईनं सांगितलेलं आठवलं.
त्र्याहत्तर साली मशीन भिंतीला टेकवलं,
गाळ्यात खाट मावावी म्हणून.
खाटेवर ती, तिच्या कुशीत दहा दिवसांचा मी.
डोंबिवलीची खोली व्हायला आठ वर्षं गेली.
खाट हलली, मशीन तिथंच राहिलं;
हलवायचं कारण कुणापाशी नव्हतं.
भिंतीकडची तेलाची वाटी मग कुणाला दिसलीच नाही.
बाबा सायकलच्या स्पोकला चिंधी बांधायचे
आणि अंदाजानं तेल सोडायचे.
निम्मं भिंत प्यायची.
तो डाग खाटेवरून हत्तीसारखा दिसे.

"नवा करू?" हशमत म्हणाला.
"जहाजाचा माल आहे, नातवालाही पुरेल."
नको. हाच सरळ कर.

लेथवर शाफ्ट फिरला, कीस उडाला.
चिमूटभर मी कागदात बांधून खिशात टाकला.
कशाला, विचारू नका.

बेअरिंग ओतायला तो स्वतः आला.
आता कोण ओततं?
सगळे नागदेवीवरून डबीतली आणतात.
रॉकेलच्या चिमणीवर शाफ्ट धरला,
काजळी चढेपर्यंत,
म्हणजे धातू त्याला चिकटत नाही.
फटी बुजवल्या शाडूनं,
आणि शाडू तापवून ठणठणीत वाळवला.
"पाण्याचा थेंब राहिला तर डोळे जातील."
पळीतल्या रसात देवदाराची काडी बुडवली.
पेटली नाही, नुसती करपली.
हं, म्हणाला. आणि एका दमात ओतलं.
मधे थांबलं की सांधा राहतो.

पुढच्या दोन संध्याकाळी मी एकटाच.
शाफ्टला निळा रंग लावायचा,
बसवायचा, फिरवायचा, उचलायचा.
निळं उमटेल तिथं उंच.
उंच तेवढं खरवडायचं.
पुन्हा निळा, पुन्हा खरवड.
पहिल्यांदा तीन ठिपके उमटले,
शेवटी देवीच्या व्रणांसारखे, सगळीकडे.
मनगट भरून आलं.
शेजारच्या गाळ्यातला पोऱ्या दोनदा डोकावून गेला,
काहीच होत नाही बघून कंटाळला.

पट्टा चढवायच्या आधी
चौघांनी पहार लावून
मशीन भिंतीपासून पुढं ओढलं,
माणूस आडवा शिरेल एवढं.

आता चालतं. आवाज वेगळा आहे.
बरा की वाईट, अजून ठरत नाही.
दर अर्ध्या तासानं मागं जातो,
बेअरिंगवर पालथा हात ठेवतो.
कोमट चालेल, हशमत म्हणून गेलाय,
ताप नको.

मागं उभं राहिलं की डाग अगदी नाकासमोर येतो.
जवळून त्याला सोंड नाही.
पायही तीनच.